चहापत्तीचा ससा

आंघोळ घातली? सशाले? बापा बापा — मंग माह्याशी काय भांडाले आली व माय, आधी तुह्या अम्मीले विचार ना, सशाले कोणी आंघोळ घालते काय म्हणा. मांजर कधी पाह्यली काय बालटीत बसलेली? तसंच हे. दिवसभर सोताले चाटत राह्यते बिचारं, त्याले कायचं साबण न् कायचं पाणी. बस, त्या बाजीवर बस, उभी नको राहू. अकोल्याहून पॅशिंजरनं आली म्हणतं, टोपली मांडीवर घेऊन — अन् बडनेऱ्याच्या ठेसनावरून अठीपर्यंत पायी? ऑटोवाल्याले माहं नाव सांगतलं असतं तर दारात आणून सोडलं असतं त्यानं. सशावाली जमनाबुढी म्हटलं का कोणीबी सांगते. दे, दे त्याले इकडं. अरे माह्या बाळा. पाह्य कसं कान पाडून बसलं — तसे कान तर त्याचे जन्माचेच पडलेले हायेत, हॉलंड लॉप म्हणते या जातीले, याइचे कान उभे राह्यतच नाई. कान पडले म्हणजे ससा नाराज हाय असं समजू नको. तुह्या भावालेबी मी हेच सांगतलं होतं, कुर्बानले, मांगच्या महिन्यात न्याले आला तवा. चांगलं पोरगं. मले दादी म्हणे.

हो, पांढरा हाय. पाह्यलं ना मी. नेला तवा पिवळट भुरा होता, हेबी खरं. मंग? ससे केस झाडते, उज्मा — उज्माच ना? — चार-सा महिन्यानं जुने केस जाते, नवे येते, नव्याचा रंग उलसा येगळा. तसंच काई झालं असन. काय म्हणतं? टबातलं पाणी भुरं झालं? धूळ असन. तुमच्या अकोल्यात धूळ काय कमी हाय. उन्हाळ्यात तर अकोल्याचा माणूसबी धुतला का दोन रंग उतरते. हसली का, हसली — हस, बरं हाय. सक्काळपासून या घरात कोणी हसलं नाई. मी एकटीच, अन् माणूस सोताच्याच गमतीले किती हसणार.

ये, मांगं ये परसात, तुले दाखवतोच. चप्पल राहू दे पायात, लेंड्या हायेत. हे पाह्य, हे कुलरचे डबे. मोटार जळाली का मोहल्ल्यातले लोक कुलर भंगारात देते, मी मागून घेतो. तीन बाजूनं जाळी, वरून छत, खाली पाट ठोकला का झाला सशाचा बंगला. उन्हाळ्यात ओलं पोतं टाकलं का अंदर असं गार का मलेच आत जाऊन निजावं वाटते. आता रंग पाह्य. लोक काय करते, वरून पाह्यते अन् म्हणते हा भुरा, हा काळा. वरून काई समजत नाई. पयले पोट पाह्याचं. असं उलटं कर, हात मानेखाली — पोट पांढरं निघालं, डोळ्याभोवती पांढरी कड निघाली, का समज तो जंगलच्या सशाच्या वळणाचा. मंग पाठीवर फुंक मारायची. हळू. चुलीले मारतो तशी नाई — दुधावरची साय बाजूले करतो ना, तशी. केस गोल उघडते अन् बुडापासून शेंड्यापर्यंत पट्टे दिसते, खाली पाटीवानी निळसर, मधात तांबूस, वरून काळी किनार. दिसलं? याले माही नात प्राजक्ता चेस्टनट म्हणते. मी तुरीच्या काडीचा म्हणतो. अन् फुंक मारल्यावर वरपासून खालपर्यंत एकच रंग निघाला तर तो निव्वळ काळा, नाई तर निळा. निळा म्हणजे आभाळासारखा नाई व — काळी माती वाळली का कशी दिसते, राखी राखी, तसा. अन् ही. हिचं पाह्य, अंगानं केशरी अन् नाक, कान, बूड काळपट. तव्यावर भाकर विसरली का कशी होते, मधात चांगली न् काठाले करपलेली? तशी. टॉर्ट म्हणते हिले. लोक हिलेच संत्रा रंगाची समजून नेते. संत्र्याचं नाक करपते काय कुठी? माहा पोरगा मोर्शीले हाय, गोपाल, त्याचा संत्र्याचाच व्यवहार, त्यालेबी मी हे सांगतलं होतं. त्यानं हूं म्हटलं. तो सगळ्यालेच हूं म्हणते.

चौथी शिकली मी, पण रंगात मले कोणी हरवून दाखवू दे. पिल्लू चार दिसाचं असते, उघडं नागडं, कातडीवर नुसती सावली येते रंगाची, तवाच मी सांगतो हा पुढं काय निघणार. शिकवलं प्राजक्तानंच, अन् आता प्राजक्तालेच विचारायचं काम पडत नाई — म्हणजे, विचारतो मी. तिलेच विचारतो सगळं. नात माही, तू जिच्यासंग फोनवर बोलली तीच. कॉलेजासाठी सा वर्षं माह्याजवळ राह्यली, सशाची पयली जोडी तिनंच आणली खोक्यात घालून, मले न विचारता. मंग नोकरी लागली हैद्राबादले. ससे अठीच राह्यले, मीबी अठीच राह्यली. आता ती तिकडून फोनवर फोटो टाकते, गिऱ्हाईक पाह्यते, मी इकडं चारापाणी करतो. दोन वर्षं झाले तिले येऊन. नाई, येईन ना. येतो येतो म्हणते.

अन् हा तुह्यावाला — पाह्य ना, पोट पांढरं, कान आतून पांढरे, डोळे काळे, नाकावर एवढीशी टिकली. ठिपकेवाला नर न् ठिपकेवाली मादी लावली का एखादा असा निघते, जवळजवळ कोरा. यात ओळखासारखं काय हाय, लहान लेकरूबी सांगन. दोन मिनिटाचंबी काम नाई. म्हणून तर त्याले चहापत्ती लावा लागली —

काई नाई म्हटलं. चहा घेतं काय म्हटलं.

बरं. ऐकलं तू. चल, बाजीवर बस, सांगतो. पण तो फोन ठेव बाजूले, तो हातात पाह्यला का मले धडकी भरते. रंग मीच लावला. साधं चहापत्तीचं पाणी, दाट उकळलेलं, गार केलेलं, कापसाच्या बोळ्यानं वरच्यावर — डोळे, नाक, तोंड सोडून. त्याले काई झालं नाई बरं, एक डाव चाटलं त्यानं अन् असं तोंड केलं का जशी साखर कमी पडली. उतरते ते पाण्यानं. मी उतरवणारच होती, दोन दिसात. पण प्राजक्तानं तोपर्यंत त्याचा फोटो विकाले टाकून दिला, असा रंग लाखात एक म्हणे, अन् तिसऱ्या दिशी तुहा भाऊ टोपली घेऊन दारात. मंग मी त्याले काय सांगू? भाऊ, थांब, ससा धुवून देतो? तोंड उघडलं असतं तर तिच्यापर्यंत गेलं असतं. नाई उघडलं. टोपलीत बसवला, वर कोबीचा पाला टाकला अन् दिला. तुह्या अम्मीले वाईट वाटलं असन. रडली काय? रजियाबी नाव म्हणतं ना? तिले सांग, मले माफ करजो म्हणा. आंघोळीचं मात्र मी माफ करणार नाई.

काहून केलं म्हणजे? गंमत. मी पयलेपासून अशीच हाय. नवी नवी सासरी आली तवा सासूच्या पानदानात चुन्याच्या डबीत तांदळाचं पीठ भरून ठेवलं होतं मी — बुढी दिवसभर पान खाय अन् म्हणे, आज तोंड काहून रंगत नाई. तशी गंमत.

नाई. तशी नाई.

तुले सांगतो. प्राजक्ता गेली तवा पयले पयले रोज फोन. मंग आठ दिसानं. मंग — कामं असते व तिकडं, रातदिवस ते कम्प्युटर. जेवली काय आजी, गोळी घेतली काय, ठेवतो. झालं. मी काय बोलणार? माह्याजवळ काय हाय नवीन? आज वांगे केले, काल बी वांगे केले. मंग एका मादीले पिल्लं झाली, त्यात एक असं धुरकट निघालं का मले खरंच समजेना. फोटो पाठवला. तर दोन मिनिटात तिचा फोन, चेहरा दिसते तो. आजी, उजेडात घे. आजी, पोट दाखव. आजी, फुंक मार. अन् मधातच म्हणे, आजी तू वाळली काय व. मधातच म्हणे मांगची भिंत काहून ओली हाय. तिनं तिची खिडकी दाखवली, भाजीत मीठ जास्त पडलं होतं तिच्या, ते सांगतलं, संगतच्या पोरीचं लग्न जमलं ते सांगतलं. चाळीस मिनिटं. मी घड्याळ पाह्यलं होतं. पुढच्या खेपेले पाच पिल्लं — पाचही सोपी. तीन काळी, दोन तुरीची. तिनं फोन केला, सोप्पं हाय आजी, तीन ब्लॅक दोन चेस्टनट, अन् ठेवून दिला. मी तसाच कानाले धरून बसली. तिसऱ्या खेपेले मी काय केलं, पाणी तापवायच्या गुंडाची काजळी घेतली बोटावर, अन् एका पिल्लाच्या कानाच्या शेंड्याले लावली.

पस्तीस मिनिटं.

मंग सवयच लागली. कधी काजळी, कधी काथ, कधी चहा. मी म्हणायची, फुंक मारली तर दोनच पट्टे दिसून राह्यले. ती म्हणे, दोन कसे, तीन पायजे, नीट पाह्य. मी म्हणायची, थांब, चष्मा आणतो. चष्मा माह्या डोक्यावरच. उठायचं, एक चक्कर मारायची घरात, पाणी प्यायचं, मंग यायचं — तेवढीच पाच मिनिटं वाढते. चष्म्यानं दोन दिसते, बिनचष्म्याचे चार दिसते, असं काईबी सांगायचं. ती तिकडं वहीत लिहून राह्यली, आजोबा-पणजोबापासून सशाइचं कूळ काढून राह्यली. भोळी हाय. एक डाव तर मी सशाले हातच लावला नाई — माह्याच अंबाड्याचा फोटो काढला, शेजारच्या सुनेकडून, जवळून. म्हटलं हा कोणता सांग. तिनं लिहून पाठवलं, चिंचिला, म्हणजे राखी ससा. भारी क्वालिटी हाय आजी, हा विकू नको.

विकू नको म्हणे.

हे मी कोणाले सांगतलं नाई आजपर्यंत. तू बी सांगू नको. अन् चहाचंबी सांगू नको, तुले हात जोडतो — दुसरा ससा घे, त्या डब्यातला कोणताही घे, दोन घे, फुंक मारून मारून घे. तिले मात्र सांगू नको. ती रागावली तर रागावू दे, त्याचं काई नाई, मी मोठमोठ्याइचे राग पाह्यले. पण पुढच्या खेपेले मी फोटो पाठवीन अन् ती म्हणन, आजी, आधी धुवून पाह्य. मंग? मंग सगळेच ससे सोपे झाले ना व. जेवली काय, गोळी घेतली काय.

कवा पाठवला तिले?

ठेसनावरून. सक्काळीच. दोन्ही फोटो? आधीचा अन् धुतल्यावरचा, एकापाशी एक. हूं. नाई, तुही काय चूक हाय, गिऱ्हाईक तेच करन. मीबी तेच केलं असतं. चहा घे तू, गार होऊन राह्यला. घाबरू नको, हा प्याचाच हाय.

तिचं अजून काई आलं नाई म्हणतं. पाह्यलं असन पण. पाह्यलं का तिथं काईतरी निशाणी दिसते ना? दिसून राह्यली. म्हणजे पाह्यलं. अन् लिहून नाई राह्यली. ती अशीच करते, लहान होती तवाबी राग आला का भिंतीकडं तोंड करून बसायची, मी मांगून तिच्या येणीले कपड्याचे चिमटे लावायची, एक, दोन, तीन — चवथ्या चिमट्याले हसायची. आता येणीबी नाई ठेवत म्हणा. हैद्राबादले इथून चिमटा कसा लावू मी तिले.

वाजला तुहा. तिचाच? वाच. माह्या हातात नको देऊ, तूच वाच, मोठ्यानं.

«मॅडम, खूप सॉरी. चूक माझी आहे.» तिची कशी? पुढं वाच. «आजीला आता नीट दिसत नाही बहुतेक. तो ससा कशात तरी पडला असेल, त्याच्यावर चहाबिहा सांडला असेल, तिला कळलंच नसेल. ती दर वेळी पट्टे चुकीचे सांगायची, चष्मा शोधत बसायची. माझ्याच लक्षात यायला हवं होतं.»

काय?

मले दिसत नाई? मले? ये इकडं, उभी राह्य. त्या खांबावरच्या तारेवर चिमणी बसली ना — तिच्या गळ्याखाली काळा डाग हाय, म्हणजे ती चिमणी नाई, चिमणा हाय. तुह्या ओढणीच्या काठाचा एक टाका उसवला, तुले तरी माहीत होतं काय? या मोहल्ल्यातल्या सुना माह्याजवळ सुईत दोरा ओवून न्याले येते. अन् मले रंग दिसत नाई? मी चार दिसाच्या पिल्लाचा रंग सांगणारी बाई — लिही. लिही तिले. का बुढीले सगळं दिसते, बुढीनं जाणूनबुजून केलं, पाच खेपा केलं. खोटारडी म्हण मले, लबाड म्हण, पण आंधळी नको म्हणू. तू आपल्या डोळ्यानं पाह्यलं ना आता, परसात? मंग लिही ना तसं. लिहून राह्यली ना? लिही, का मी अकोल्याहून आली, मी सोता पाह्यलं —

अजून आलं तिचं? वाच.

शनिवारी?

पुन्हा वाच व माय. हळू वाच. «मी रजा टाकली आहे. शनिवारी सकाळी पोचते. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जाते. ससे कुणाला तरी देऊन टाकू, आता तिच्याच्यानं होणार नाही. प्लीज तिला काही बोलू नका.»

आज बुधवार ना.

खोडून टाक. तू जे लिहून राह्यली ते खोडून टाक, सगळं. गेलं तर नाई ना तिकडं? पाह्य नीट. खोडलं? दाखव. हां.

बस जराशीक. 

रजा तिले भेटत नाई कधी. दिवाळीले भेटली नाई. माह्या गुडघ्याच्या वेळी भेटली नाई — सांगतलंच नव्हतं म्हणा मी तिले गुडघ्याचं, पण सांगतलं असतं तरी भेटली नसती. शनिवारी सकाळी येईन म्हणजे रविवार हायच. सोमवारी वापस जाईन ती. नाई तर डाक्टर सोमवारीच बसत असन, मंग मंगळवार. काय हसतं? डाक्टरले समजणार नाई. समजलं तर समजलं. मोठमोठी अक्षरं वाचाले लावते ना भिंतीवरची? मले इंग्रजी येतच नाई, तर मी खोटं कुठी बोलून राह्यली. तो म्हणन डोळे चांगले हायेत, तर मी म्हणीन, तुम्हाले तसे दिसत असन, मले नाई दिसत. माह्या डोळ्यातलं माह्यापेक्षा त्याले जास्त समजते काय?

ससे — हो. ससे जाईन. देऊन टाकू म्हणते ना ती. देऊ दे. आंधळ्या बाईजवळ ससे कोण ठेवन. टॉर्टवाली तू घेऊन जाजो, हो, आज नाई, शनिवारनंतर, ती आली का तिच्याच हातून घेऊन जाजो, म्हणजे तुलेबी यायचं काम पडन. तुह्या अम्मीले आवडन ती, पोरीवानी मांडीवर बसते. हा पांढरा बी ठेव, मी त्याले आता परत घेऊन काय करू. बाकीच्याइले मी पाह्यतो. नाई, पाह्यतो म्हणजे — तीच पाह्यन. मले काय दिसते.

थांब, जायच्या आधी एक काम कर माहं. मले जमते काय ते पाहू. त्या कोपऱ्यातल्या डब्यातून कोणताबी एक काढ, पाठीमांगं लपव, अन् एकदम माह्या समोर आण. हळू, मागचे पाय धर. हां. आण.

निळा, अन् कानाच्या आत — अरे. निघूनच गेलं तोंडातून. दुसरा आण. डोळे मिचकावून पाह्यतो, असे.

तुरीच्या — नाई, नाई, चुकलं, पुन्हा. एवढ्या वर्षांची सवय, अशी कशी सुटन व एका बैठकीत. रंग आधी दिसते, ससा मंग दिसते. तिसरा आण. नको, तोच राहू दे. अजून जवळ आण. फुंक नको मारू.

कोणता हाय माय हा? काळा असन. नाई तर पांढरा असन. मऊ हाय, एवढं समजते. कान हायेत. बाकी काई नाई दिसत मले.

बरं जमलं काय?

ठेव त्याले डब्यात. तुही गाडी निघून जाईन, जा आता. अन् फाटकाची कडी तूच बाहेरून लावून घेजो — मले ती सापडत नाई.